निरोप समारंभासाठी वर्गाचे गमतीदार मृत्युपत्र आणि भविष्य कसे लिहावे

शाळेचे शेवटचे वर्ष संपत आले की निरोप समारंभाची जुळवाजुळव सुरू होते, आणि त्यातील दोन मजकूर लिहिण्याचे काम बहुतेक वेळा अशा विद्यार्थ्यांकडे येते ज्यांनी यापूर्वी तसे काहीही लिहिलेले नसते. पहिला मजकूर म्हणजे वर्गाचे गमतीदार मृत्युपत्र. शाळा सोडून जाणारे विद्यार्थी आपल्या सवयी, जागा, कला आणि किरकोळ चीजवस्तू मागे राहणाऱ्यांच्या नावे करून देतात. दुसरा मजकूर म्हणजे वर्गाचे भविष्य, ज्यात प्रत्येक वर्गमित्र दहा किंवा वीस वर्षांनी कोठे असेल आणि काय करत असेल, हे कल्पनेने रंगवलेले असते. अमेरिकेतील हायस्कुलांत बारावीच्या वर्गाची ही जुनी परंपरा आहे. ‘सीनियर विल’ आणि ‘क्लास प्रॉफेसी’ या नावांनी हे मजकूर तेथील यीअरबुकांत, म्हणजे शाळेच्या वार्षिक अंकांत, शंभर वर्षांहून अधिक काळ छापले जात आहेत, आणि वारस म्हणून बहुधा नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांची निवड होते. शाळा कोणतीही असली तरी लेखनाची रीत मात्र फारशी बदलत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. यातील प्रत्येक ओळ ही ज्याच्याविषयी लिहिली आहे त्याला दिलेली भेट असते. सभागृह हसले, पण ज्याचे नाव घेतले तो मान खाली घालून बसला, तर ती ओळ फसली असे समजावे. वाचन झाल्यावर तो विद्यार्थी आपल्या ओळीचा कागद मागून घेऊन घरी नेईल, अशी ओळ लिहिणे हे या कामाचे खरे उद्दिष्ट आहे.

पहिले काम: यादी आणि वेळेचा हिशेब

समारंभाच्या किमान सहा आठवडे आधी कामाला लागावे. प्रथम शाळेच्या कार्यालयातून वर्गाची पूर्ण यादी मिळवावी. स्वतःच्या आठवणीवर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर विसंबून राहू नये, कारण वर्षाच्या मध्यात दाखल झालेले, आजारपणामुळे बराच काळ गैरहजर असलेले आणि कोणत्याच गटात नसलेले विद्यार्थी नेमके अशा याद्यांतूनच निसटतात. एखादा विनोद फिका पडला तर लोक विसरून जातात, मात्र ज्याचे नाव वगळले गेले तो विद्यार्थी ते वर्षानुवर्षे विसरत नाही.

त्यानंतर वेळेचा हिशेब मांडावा. मंचावरून सावकाश आणि स्पष्ट वाचताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द होतात. वर्गात साठ विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाला वीस सेकंद दिली तर एक मजकूर वाचायला वीस मिनिटे लागतात, म्हणजे हशा आणि टाळ्यांसाठी थांबणे लक्षात घेता एका विद्यार्थ्याच्या वाट्याला पंचवीस ते तीस शब्दच येतात. ही मर्यादा आधी कळली की लेखन आपोआप आटोपशीर होते. तुकड्या अनेक असून विद्यार्थ्यांची संख्या शेकड्यांत असेल, तर सर्वांच्या ओळी छापील अंकात द्याव्यात आणि मंचावरून फक्त संपूर्ण वर्गाच्या वतीने केलेली दाने वाचावीत. निवडक विद्यार्थ्यांच्या ओळी मंचावर आणि उरलेल्यांच्या कागदावर, अशी विभागणी करू नये, कारण मग निवड झालेले आणि न झालेले असे दोन वर्ग निरोपाच्या दिवशीच पडतात.

दुसरे काम: माहिती गोळा करणे

नवखे लेखक थेट विनोद लिहायला बसतात आणि तासाभरात त्यांच्याजवळची सामग्री संपते. उरते ते ‘सतत झोपणारा’, ‘सतत बोलणारी’, ‘सतत उशिरा येणारा’ असे ठोकळेबाज वर्णन, जे कोणत्याही वर्गातील कोणालाही लागू पडते. विनोद निरीक्षणातून येतो आणि निरीक्षणे गोळा करावी लागतात. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल त्याच्या दोन मित्रांकडून आणि शक्य झाल्यास शाळेतील एका मोठ्या व्यक्तीकडून चिठ्ठीवर उत्तरे मागवावीत.

प्रश्न काळजीपूर्वक निवडावेत. ‘हिच्यात गमतीदार काय आहे?’ असे विचारले की लोक व्यंग शोधू लागतात. त्याऐवजी ‘ही शाळा सोडून गेल्यावर शाळेत कोणती गोष्ट दिसेनाशी होईल?’ असे विचारावे. उत्तरे एकदम बदलतात. प्रयोगशाळेतला शेवटचा दिवा आठवणीने मालवणारा, बाकावर बोटांनी ताल धरणारी, प्रत्येकाला पेन उसने देऊन परत मागायला विसरणारा, अशी माणसे त्या चिठ्ठ्यांतून समोर येतात, आणि मृत्युपत्रात दान करण्याजोगी मालमत्ता हीच असते. भविष्यासाठी आणखी एक प्रश्न पुरेसा होतो: ‘हिच्या तोंडी नेहमी असणारे वाक्य कोणते?’ याशिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःलाही एक चिठ्ठी द्यावी आणि कोणत्या विषयावर थट्टा नको आहे, हे त्याने त्यात मोकळेपणाने लिहावे, असे सांगावे. कारण विचारू नये.

खरी कसोटी लागते ती अबोल विद्यार्थ्यांच्या बाबतीत. वर्गातील लोकप्रिय मुलांविषयी चिठ्ठ्यांचा ढीग जमतो, तर काही नावांपुढे ‘चांगली मुलगी आहे’ यापलीकडे काहीच येत नाही. अशा वेळी गुळगुळीत वाक्य लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, तो टाळावा. ग्रंथपाल, क्रीडाशिक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि बसचे चालक यांना जाऊन विचारावे, कारण वर्गमित्रांना न दिसणारी बाजू या मंडळींना दिसत असते. समजा, ग्रंथपालांनी सांगितले की जिच्याविषयी वर्गात कोणालाच काही सुचले नाही ती मुलगी दररोज मधल्या सुट्टीत इतरांनी टेबलावर टाकून दिलेली पुस्तके क्रमांक पाहून मूळ जागी लावून ठेवते. त्यातून अशी ओळ तयार होते: ‘वाचनालयातील टेबलांवर बेवारस पडलेल्या सर्व पुस्तकांचे पालकत्व मी आठवीच्या संपूर्ण तुकडीकडे सोपवीत आहे, जे काम मी एकटी करत होते त्याला निदान चाळीस जण तरी लागतील, असा माझा अंदाज आहे.’ सभागृह हसते, आणि त्याच क्षणी अनेकांना त्या मुलीचे काम प्रथमच कळते. संपूर्ण लेखनात अशा पाच-सहा ओळी साधल्या तरी सहा आठवड्यांचे श्रम सार्थकी लागतात, असे मला मनापासून वाटते.

तिसरे काम: मृत्युपत्र

मृत्युपत्राच्या प्रत्येक कलमात देणारा, दिली जाणारी गोष्ट आणि घेणारा असे तीन घटक असतात. नवखे लेखक सगळे लक्ष दिल्या जाणाऱ्या गोष्टीवर खर्च करतात आणि घेणाऱ्याची निवड घाईत उरकतात. वास्तविक गंमत वस्तू आणि वारस यांच्या जुळणीत असते. हे तत्त्व फार जुने आहे. बहुधा इसवी सनाच्या चौथ्या शतकात लिहिले गेलेले, डुकराच्या एका पिलाचे लॅटिन मृत्युपत्र आजही उपलब्ध आहे आणि शाळकरी मुले ते खिदळत म्हणत असत, अशी नोंद धर्मपंडित जेरोम याने केलेली आहे. कापले जाण्यापूर्वी ते पिलू मुदत मागून घेते, स्वतःला लिहिता येत नसल्याने मजकूर सांगून लिहून घ्यायला लावते आणि आपल्या शरीराची वाटणी करते: राठ केस जोडे शिवणाऱ्यांना, आतडी सॉसेज करणाऱ्यांना, जीभ वकिलांना आणि बडबड्यांना. प्रत्येक अवयव नेमका ज्याला उपयोगी पडेल त्यालाच मिळतो, म्हणून वाचणारा हसतो. त्याच यादीत बहिऱ्यांना कान दिलेले आहेत. ते कलम मात्र आज लिहू नये, कारण तिथे हसू वारसाच्या शारीरिक उणिवेवर बेतलेले आहे.

मालमत्तेचे वर्गीकरण करताना कायद्याच्या भाषेतील स्थावर आणि जंगम ही जोडी फार उपयोगी पडते. स्थावर मालमत्तेत खिडकीजवळचा बाक, जिन्याची तिसरी पायरी, ज्या खांबाला टेकून दररोज चर्चा होत असे तो खांब, यांचा समावेश करावा. जंगम मालमत्तेत झाकण हरवलेली पेने, अर्धी कंपासपेटी, संघाची एकच शिट्टी अशा वस्तू येतात. याखेरीज हस्तांदोलनाची पद्धत, फळ्यावरचे वळणदार अक्षर, प्रार्थनेच्या वेळी चेहरा गंभीर ठेवण्याची हातोटी अशा अमूर्त ठेवी असतात, आणि माझ्या मते सर्वांत सरस कलमे याच ठेवींतून निघतात.

भाषा अस्सल दस्तऐवजासारखी गंभीर ठेवावी. ‘आम्ही, खाली सही करणारे बारावीचे सर्व विद्यार्थी, पूर्ण शुद्धीत असून, कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने आणि शेवटच्या पेपरचा निकाल लागण्यापूर्वी हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहोत’ अशी सुरुवात केली की श्रोते तयार होतात. मजकूर जितका गंभीर चालतो तितके हसू सहज येते, त्यामुळे लेखकाने मध्येच ‘कशी गंमत केली’ असे सुचवणारे शब्द वापरू नयेत आणि उद्गारचिन्हांची पेरणीही करू नये. ‘अट एवढीच की’ हे शब्द हाताशी ठेवावेत, कारण साध्या दानाला अट जोडली की त्यात जीव येतो. उदाहरणार्थ, पुढील दोन ओळी ताडून पाहाव्यात. पहिली: ‘मी माझी उशिरा येण्याची सवय दहावीच्या मुलांना देतो.’ दुसरी: ‘पहिल्या तासाला सात मिनिटे उशिरा पोहोचूनही धावत आल्यासारखे न दिसण्याची माझी कला मी धाकट्या भावाच्या नावे करतो, अट एवढीच की त्याने ती आईसमोर वापरू नये.’ पहिल्या ओळीत फक्त सवय आहे, तर दुसरीत माणूस दिसतो, त्याचे घर दिसते आणि वारस कोण हेही नेमके कळते.

वारस म्हणून कनिष्ठ विद्यार्थ्याचे नाव घ्यायचे असेल तर त्याची संमती आधी घ्यावी. त्याला हा कार्यक्रम नवा असतो आणि मोठ्या मुलांसमोर नकार देण्याचे बळ त्याच्याकडे नसते, म्हणून ही विचारणा एकांतात करावी. शिक्षकांना दिलेल्या दानात आदर ठेवावा. गणिताच्या बाईंना ‘एक्सची हरवलेली किंमत, जी आम्हाला अखेर सापडली’ असे काही द्यावे, परंतु त्यांच्या आवाजाची, चालण्याची किंवा पोशाखाची नक्कल त्यात आणू नये. शाळेचे नियम मोडण्याच्या वाटा, कुलपांच्या चाव्या आणि कॉपीच्या युक्त्या यांची दाने अनेकांना सुचतात. ती गाळावीत, कारण छापील कागदावर ती कबुलीजबाब ठरतात.

आणखी एक बाब गांभीर्याने लक्षात घ्यावी. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याचे किंवा कोणाच्या घरातील माणसाचे अलीकडेच निधन झाले असेल, तर मृत्युपत्राचा साचा वापरू नये. तोच मजकूर ‘वर्गाचे दानपत्र’ म्हणून लिहिता येतो. कलमे जशीच्या तशी राहतात, फक्त मृत्यूचा उल्लेख जातो आणि गंमत तसूभरही कमी होत नाही.

चौथे काम: भविष्य

भविष्य लिहिताना प्रथम एकच चौकट ठरवावी: वीस वर्षांनी भरलेले स्नेहसंमेलन, त्या वर्षीचे बातमीपत्र किंवा एखाद्या वर्गमित्राने भविष्यातून लिहिलेले पत्र. चौकट नसेल तर ‘अमुक डॉक्टर होईल, तमुक वकील होईल’ अशी कंटाळवाणी यादी तयार होते. बातमीपत्राची चौकट नवख्यांना सोपी जाते, कारण प्रत्येक विद्यार्थी एकेका बातमीत बसतो आणि वाचायला दोन निवेदक घेता येतात. २०२६ मध्ये शाळा सोडणाऱ्या वर्गाने २०४६ चे बातमीपत्र लिहावे, मात्र उडत्या मोटारी आणि यंत्रमानव यांत फार शब्द घालवू नयेत. श्रोत्यांना उत्सुकता माणसांची असते.

ओळ घडवण्याची रीत अशी की विद्यार्थ्याची आजची खरी सवय घ्यावी, ती कल्पनेने ताणावी आणि शेवट त्याच्या सन्मानाच्या जागी करावा. प्रत्येक धड्यानंतर ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ असे विचारणारा मुलगा २०४६ मध्ये अंतराळमोहिमेचा प्रमुख झालेला दाखवावा, आणि यानाचे उड्डाण केवळ त्याने अखेरच्या क्षणी ‘हे खरोखर लागणार आहे का?’ असे विचारून एक सदोष झडप शोधून काढल्यामुळे यशस्वी झाले, अशी बातमी द्यावी. वहीच्या समासात चित्रे काढल्याबद्दल बोलणी खाणारी मुलगी चलनी नोटेची वेलबुट्टी रेखाटणारी कलाकार होते आणि तिची समासातील चित्रे देशातील प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसतात. दोन्ही उदाहरणांत ज्या सवयीवर आज हसू येते तीच पुढे कामाला येते. टोमणा आणि भविष्य यांतला फरक इथेच आहे.

काय लिहू नये, याबाबत मी आग्रही आहे. अपयश, तुरुंग, कर्ज, वजन, टक्कल, रंग, उच्चार, जात, धर्म आणि घरची परिस्थिती यांवर भविष्य बेतू नये. कोणाचे लग्न कोणाशी होईल हेही लिहू नये, कारण त्या दोघांत काही असले तर ते त्यांचे खासगी आहे आणि नसले तर तो दोघांनाही त्रास आहे. दोन मित्रांना एका ओळीत आणायचे असेल तर कामानिमित्त आणावे: एक पूल बांधते आणि दुसरा त्यावरून पहिली बस चालवतो. कष्टाच्या कामांना हसण्याचा विषय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. एकाला जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आणि दुसऱ्याला ‘अजूनही दुकानात उभा’ असे लिहिले की श्रोत्यांत बसलेल्या कितीतरी पालकांचा आपण अपमान केलेला असतो. जे विद्यार्थी पुढे महाविद्यालयात जाणार नाहीत किंवा ज्यांच्या निकालाची खात्री नाही, त्यांच्या ओळी सर्वांत आधी आणि सर्वाधिक मन लावून लिहाव्यात.

पाचवे काम: तपासणी

कच्चा मजकूर तयार झाल्यावर तो तीन जणांना दाखवावा: लेखकांच्या गटाबाहेरील एका विद्यार्थ्याला, एका शिक्षकाला आणि वर्गातील अशा एखाद्याला, ज्याची स्वतः कधीतरी थट्टा झालेली आहे. तिसरा वाचक सहसा कोणी निवडत नाही, परंतु इतरांच्या नजरेतून सुटलेला ओरखडा तोच दाखवून देतो. दुहेरी अर्थाचे शब्द आणि चार जणांनाच कळणारे सांकेतिक विनोद आढळले तर त्यांचा अर्थ लेखकांना स्पष्ट विचारावा. मोठ्याने सांगायला संकोच वाटत असेल तर ती ओळ काढून टाकावी.

नाव न घेता किंवा नाव बदलून लिहिले की चालते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात हेझलवूड ईस्ट या हायस्कुलाच्या प्राचार्यांनी १९८३ मध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राची दोन पाने छपाईपूर्वी काढून टाकली. त्यातील एका लेखात गर्भवती विद्यार्थिनींचे अनुभव बदललेल्या नावांनी दिलेले होते आणि नावे बदलूनही त्या मुली ओळखू येतील, अशी प्राचार्यांना काळजी होती. विद्यार्थी न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या नावाने निघणाऱ्या प्रकाशनावर शाळेने कितपत नियंत्रण ठेवावे, याविषयी मतभेद असू शकतात, परंतु एका वर्गात सर्वच सर्वांना ओळखतात आणि ‘तिसऱ्या रांगेतील एक मुलगी’ एवढे शब्दही पुरे पडतात, ही वस्तुस्थिती राहते.

प्रत्येक विद्यार्थ्याला आपली ओळ आधी दाखवावी की नाही, यावर गटात वाद होतोच. ओळ दाखवल्याने आश्चर्य जाते, हे खरे आहे. माझा सल्ला असा की ओळ पाहण्याचा हक्क सर्वांना द्यावा आणि तसे जाहीर करावे. बरेच जण तो वापरत नाहीत, आणि जे वापरतात त्यांना त्याची गरज असते. ओळ नको असे कोणी म्हटले तर दुसरी लिहावी, समजूत घालत बसू नये.

सहावे काम: वाचन आणि छपाई

वाचनाला दोन आवाज घ्यावेत आणि मंचावर जाऊन, ध्वनिक्षेपक लावून किमान दोनदा सराव करावा. नावांचे उच्चार ज्याचे त्याला विचारून कागदावर लिहून ठेवावेत. वाचणाऱ्याने हशा ओसरू लागला की पुढची ओळ सुरू करावी, पूर्ण शांततेची वाट पाहू नये, आणि स्वतः आधी हसू नये. क्रम हजेरीचा न ठेवता मिश्र ठेवावा, म्हणजे लांब-आखूड ओळी आलटून पालटून येतात. मात्र वाचलेल्या प्रत्येक नावावर खूण करण्यासाठी हजेरीची यादी घेऊन एक जण बाजूला उभा राहिलाच पाहिजे. वाचताना एखादी ओळ कोणाला लागली असे दिसले, तर तिथे स्पष्टीकरण न देता पुढे जावे, कार्यक्रमानंतर लगेच त्या विद्यार्थ्याला भेटून माफी मागावी आणि छापील प्रतीतून ती ओळ वगळावी. याच कारणासाठी अंक समारंभाच्या आधी न छापता दोन दिवसांनी छापायला द्यावा.

छपाईपूर्वी नावे पुन्हा एकदा कार्यालयाच्या यादीशी ताडून पाहावीत. समारंभाला येऊ न शकलेल्यांच्या प्रती कोणी आणि केव्हा पोहोचवायच्या, हे त्याच बैठकीत ठरवून प्रत्येक नावापुढे नेणाऱ्याचे नाव लिहावे. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात जमा करावी आणि तिच्यासोबत प्रश्नांच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा नमुनाही ठेवावा, कारण पुढच्या वर्षी हे काम अंगावर येणाऱ्या विद्यार्थ्यांना सर्वप्रथम तोच लागणार आहे.